नवा तंबोरा बोलत नाही? घोडीला हात लावण्याआधी हे करून पाहा

नवा तंबोरा घरी येतो, गवसणी निघते, आपण हौसेनं तारा छेडतो आणि कानावर पडतो तो कोरडा टणत्कार. आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, दोन क्षणांत विरते, एक तार खरखरते, षड्ज लावेपर्यंत पंचम उतरलेला असतो. गुरूंच्या तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप उमटतो, त्याचा इथे मागमूसही नसतो. "लाकूडच वाईट असेल" किंवा "आपण फसलो" असं वाटू लागतं.

या सगळ्यातून मी गेले आहे. नंतर माझ्याबरोबर शिकणाऱ्या कितीतरी जणांचे नवे तंबोरे हाताळले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: निराश करणाऱ्या नव्या तंबोऱ्याचा दोष बहुतेक वेळा तारा, दोरा (तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीवर तारेखाली सरकवायचा धागा), खुंट्या किंवा चुकीचा सूर यांत असतो, आणि हे सगळं घरी सुधारता येतं. तंबोरा कारखान्यातून निघतो तेव्हा तो पुरा झालेला नसतो. गाणाऱ्याच्या सुरात लागून, तारा स्थिरावून, दोरा जागेवर बसल्यावर तो पुरा होतो. हे काम कुणीतरी करावं लागतं आणि विकताना ते फारसं कुणी करत नाही.

खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमानं दिल्या आहेत. आधी सहज मागे घेता येतील अशा गोष्टी, सगळ्यात शेवटी कारागिराचं काम. क्रम मोडलात तर कुठल्या बदलानं काय झालं हे कळणार नाही.

जवळ काय हवं

- तुमच्या सुराला योग्य अशा तारांचा नवा संच, आणि पोलादी व पितळी तारेचं एकेक जादा भेंडोळं
- पांढरा सुती शिवणदोरा, शक्य असल्यास थोडा रेशमी दोरा
- साधा पांढरा खडू आणि अंगाच्या साबणाची कोरडी वडी
- बारीक तोंडाची पक्कड आणि तार कापायची कात्री
- मऊ सुती कापड, पेन्सिल, पातळ कागदाचा कपटा, विजेरी
- हार्मोनियम, किंवा मोबाइलवरचा ट्यूनर
- खरेदीचं बिल आणि परतीच्या अटींचा कागद

कानस, सँडपेपर, गोंद आणि तेल या यादीत नाहीत. ते तंबोऱ्याच्या खोलीतही आणू नका.

१. परत करण्याजोगे दोष आधी पाहा

परतीची मुदत संपायच्या आत हे करायचं. विजेरीच्या तिरप्या उजेडात तबली पाहा, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली पुढची लाकडी पाटी. केसासारखी भेग लाकडाच्या रेषांना धरून गेली असेल तर ती पुढे वाढू शकते. भोपळा आणि तबली जिथे जुळतात त्या कडेवर बोटाच्या पेरानं हलकेच ठोकत जा. एका जागी आवाज फाटका, सैल आला तर तिथे सांधा सुटलेला आहे. दांडी आणि भोपळा जोडणाऱ्या गळ्याचा सांधाही असाच तपासा.

मग एक डोळा मिटून दांडीच्या कडेनं लांबवर नजर टाका. दांडी पुढे वाकलेली किंवा पिळवटलेली असेल, तबली घोडीखाली खचलेली दिसत असेल, तर हे घरी दुरुस्त होणारं नाही. फोटो काढा आणि तंबोरा परत करा. आवाज कितीही चांगला असला तरी परत करा, कारण हे दोष काळाबरोबर वाढतात. पॉलिशमधले डाग, नक्षीतली छोटी चूक, दोन खुंट्यांच्या रंगातला फरक यांचा आवाजाशी संबंध नाही. ते सोडून द्या.

२. तंबोरा कुठल्या सुरासाठी बांधला आहे?

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि सगळ्यात जास्त निराशा इथूनच येते.

पुरुषांचा तंबोरा साधारणपणे पांढरी एक ते काळी दोन (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या डावीकडून मोजून दिलेली सुरांची नावं) या पट्ट्यात बोलावा म्हणून बांधलेला असतो. स्त्रियांचा आकारानं लहान, साधारण काळी तीन ते काळी पाच. तुमचा सूर काळी चार आणि हातात आलेला तंबोरा पांढरी चारच्या तारांचा असेल, तर तो तुमच्या सुरात ओढल्यावर तारा ताठ होतात, आवाज चिरका होतो, जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकून उमटणारा झणत्कार, बंद पडते. उलट झालं तर तारा लोळतात आणि घोडीवर फडफडतात. दोन्ही वेळा वाद्याला दोष दिला जातो.

यामागचं गणित सोपं आहे. तार तीच ठेवून सूर चढवला, तर तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन पट्ट्या चढवल्या (मधली पांढरीही मोजायची), म्हणजे समजा काळी एकवरून काळी दोनवर गेलात, तर ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. चार पट्ट्या चढवल्या तर जवळजवळ ५९ टक्क्यांनी. दोन पट्ट्या उतरवल्या तर सुमारे २१ टक्क्यांनी घटतो. घोडीचा वरचा पृष्ठभाग एका ठरावीक ताणाच्या तारेसाठी घासलेला असतो. एवढा फरक पडल्यावर तार त्यावर हवी तशी टेकतच नाही.

म्हणून विक्रेत्याला थेट विचारा: हा तंबोरा कुठल्या पट्टीसाठी लावला आहे, आणि कुठल्या तारेचा नंबर काय? उत्तर लिहून ठेवा. तारांचे नंबर वाचताना एक लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. तुमच्या सुरापासून फरक एखाद्या पट्टीचा असेल तर निभावतं. त्याहून जास्त असेल तर तारांचा संच बदलावा लागेल, आणि फार जास्त असेल तर तुमच्या हातात मुळात दुसऱ्याच मापाचा तंबोरा आला आहे. ते आत्ताच कळलेलं बरं.

३. तारा बदला, एका वेळी एकच

"तंबोरा नवा आहे, तारा कशाला बदलायच्या?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तंबोरा नवा असला तरी तो दुकानात किती दिवस टांगलेला होता ते आपल्याला ठाऊक नसतं. पितळी तारेवर काळपट थर आलेला असेल, पोलादी तारेवरून बोट फिरवताना खरखरीत लागत असेल, तर त्या तारांकडून आस मागण्यात अर्थ नाही.

चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी खर्जाची. जोडीच्या तारा पोलादी असतात. खर्ज जोडीच्या एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या कंपनसंख्येवर. जोडीचीच तार तिथे लावली तर ताण एक चतुर्थांश उरेल आणि तार लोंबेल. म्हणून खर्जाला जाड तार लागते, बहुधा पितळेची. पितळ पोलादाएवढा ताण सोसत नाही, पण खर्जाच्या खालच्या सुरात त्याला तो सोसावाही लागत नाही. पंचमाच्या तारेचं मात्र तंबोऱ्याप्रमाणे बदलतं. पुरुषांच्या तंबोऱ्यात ती पितळी किंवा पोलादी असते, स्त्रियांच्या उंच सुराच्या तंबोऱ्यात पोलादीच बरी. तुमची पंचमाची तार पुन्हा पुन्हा तुटत असेल तर ती पितळी आहे का ते आधी पाहा.

बदलताना एक तार काढा, तिच्या जागी नवी लावा, जवळपास सुरात आणा आणि मगच पुढची काढा. चारही तारा एकदम काढू नका. बऱ्याच तंबोऱ्यांत घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबावरच उभी असते. दाब गेला की ती सरकते आणि मूळ जागा हरवते. सुरुवात करण्याआधी घोडीच्या चार कोपऱ्यांशी तबलीवर पेन्सिलीनं अगदी फिकट खुणा करून ठेवा.

तारेचा प्रवास खालून वर असा: खाली लंगोटाला (भोपळ्याच्या तळाशी तारा अडकवायची पट्टी) अडकवायची, बारीक सूर लावायच्या मण्यातून ओवायची, घोडीवरून न्यायची, वर दांडीवरच्या आटी नावाच्या आडव्या पट्टीच्या खाचेवरून आणि तारगहन या दुसऱ्या पट्टीच्या भोकातून खुंटीपर्यंत. लंगोटाकडचा फास नीट पिळा. सैल पीळ ताणाखाली सरकत राहतो आणि आपण विनाकारण खुंटीला बोल लावतो. खुंटीवर तीन-चार वेढे पुरेत. वेढे एकावर एक चढू देऊ नका. ते खुंटीच्या जाड बाजूकडे, दांडीच्या भिंतीलगत सरकत गेले पाहिजेत, म्हणजे तारेचा ताणच खुंटीला आत ओढून धरतो. उरलेलं टोक तार सुरात आल्यावरच कापा आणि वळवून ठेवा. त्याचं टोक बोटात शिरलं तर फार दुखतं.

नवी तार पहिले काही दिवस उतरत राहणार. तार बोटांनी मध्यावर धरून हलकेच, तिच्या लांबीभर दोन-चार ठिकाणी ओढा आणि पुन्हा सुरात आणा. असं काही वेळा केलं की ती लवकर स्थिरावते.

४. खुंट्या

तंबोऱ्याच्या खुंट्या नुसत्या घर्षणावर थांबतात. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि त्या घसरतात, पावसाळ्यात फुगतं आणि त्या अडकतात. दोन्हींवर उपाय साधे आहेत.

घसरणारी खुंटी तार सैल करून बाहेर काढा. एका वेळी एकच, आणि कुठली कुठल्या भोकातली ते लक्षात ठेवा. प्रत्येक खुंटी हातानं तिच्याच भोकाच्या मापाची घासलेली असते, अदलाबदल चालत नाही. खुंटीवर जिथे ती भोकाला टेकते तिथे गुळगुळीत चकचकीत कडी दिसते. त्या भागावर खडू फिरवा, खुंटी परत घाला, आत दाबत दाबत दोन-तीन वेळा फिरवा. अडकणाऱ्या खुंटीला त्याच जागी कोरड्या साबणाचा हलका हात पुरतो. फिरवताना खुंटी नेहमी किंचित आत दाबून फिरवायची, ही सवय लागली की निम्म्या तक्रारी उरतच नाहीत.

चकचकीत कडी एकाच बाजूला दिसत असेल, म्हणजे खुंटी पूर्ण वर्तुळात टेकतच नसेल, तर ती कारागिराकडूनच बसवून घ्या. खुंटीवर हातोडी मारू नका, भोकात गोंद घालू नका, कागद कोंबू नका. ठोकून बसवलेल्या खुंटीनं दांडीला चीर गेलेली मी पाहिली आहे. ती दुरुस्ती खुंटीच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठी असते.

५. घोडी पायांवर नीट बसली आहे का?

पातळ कागदाचा कपटा घ्या आणि घोडीच्या पायाखाली चारही बाजूंनी सरकवून पाहा. तो कुठेच आत जाता कामा नये. एका कोपऱ्यात कागद सहज गेला, तर तारांची कंपनं तबलीत पुरती उतरतच नाहीत. आवाज लहान आणि पोकळ येतो, आणि त्यावर कुठलाही दोरा काम करणार नाही.

घोडी नुसती सरकलेली असेल तर तारा थोड्या सैल करून, सगळ्या सोडून नव्हे, ती खुणांवर परत आणा. बऱ्याचदा पॉलिशमध्ये तिच्या मूळ जागेचा पुसटसा ठसा असतो, तो शोधा. घोडी तारांना काटकोनात आणि तारा दांडीच्या मधोमध जायला हव्यात. जागेवर असूनही पाय टेकत नसतील तर पायाचं लाकूड तबलीच्या उताराला जुळवून घासावं लागतं. ते कारागिराचं काम.

६. खरखर कुठून येते?

जवारीचा झणत्कार आणि सैल वस्तूची खरखर यांत नवख्या कानाची गल्लत होते. जवारीचा नाद तारेबरोबर फुलतो आणि तिच्याबरोबरच विरतो. खरखर मात्र जोरात छेडल्यावरच येते आणि मध्येच थांबते.

एका हातानं तार छेडत राहा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं एकेक संशयित जागा दाबा: मणी, खुंट्यांची टोकं, तारेचं मोकळं टोक, कडेची पट्टी, तबलीवर चिकटवलेली पानं-फुलं. जिथे दाबल्यावर खरखर थांबते ती जागा. तारेचं टोक असेल तर वळवा. मणी सैल असेल तर जरा खाली सरकवा. पट्टी सुटली असेल तर ती पुढच्या वेळी कारागिराकडून चिकटवून घ्या, तोवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी चालेल. या पायरीला फार वेळ देऊ नका.

७. सुरात लावणं

आधी जोड, मग खर्ज, शेवटी पंचम. मणी सुरुवातीला घोडी आणि लंगोट यांच्या मध्यावर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सरकवायला जागा राहते. मोठा फरक खुंटीनं काढायचा, बारीक फरक मण्यानं. मणी लंगोटाकडे नेला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

ट्यूनर वापरत असाल तर एक सापळा आहे. तंबोऱ्यात वरचे स्वर इतके ठळक असतात की ट्यूनर खर्जाच्या तारेवर भलताच स्वर दाखवतो. काळी एकमध्ये जोड सुमारे १३८.६ हर्ट्झला आणि खर्ज ६९.३ हर्ट्झला हवा. काळी चारमध्ये जोड २०७.७ आणि खर्ज १०३.८. आकडा दुप्पट-तिप्पट दिसत असेल तर तुम्ही वरचा स्वर मोजत आहात. या टप्प्यावर घोडीवरचे सगळे दोरे काढून ठेवा. आवाज साधा होतो आणि ट्यूनर गोंधळत नाही.

जोडीच्या दोन तारा मात्र कानानंच जुळवा. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या की आवाजात एक हेलकावा ऐकू येतो. सूर जवळ येतो तसा हेलकावा संथ होत जातो आणि जुळल्यावर थांबतो. हा क्षण ऐकायला शिकणं हीसुद्धा तालीमच आहे, तिच्यासाठी घाई करू नका.

रागानुसार पहिली तार मध्यमावर किंवा निषादावर लावायची असेल तर तिचा ताण बराच बदलतो. पंचमावरून मध्यमावर उतरताना तो साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतो, आणि निषादावर चढवताना दीडपटीहून जास्त होतो. तार पितळी असेल तर निषादावर चढवताना तुटण्याची शक्यता खरी आहे. चेहरा तारेपासून दूर ठेवून हळूहळू चढवा. आणि दर वेळी त्या तारेचा दोरा पुन्हा लावावा लागेल हे गृहीत धरा.

८. दोरा: तंबोरा इथे उघडतो

आता मुख्य काम. इथपर्यंत नीट केलं असेल तर पुढचा अर्धा तास तुम्हाला तुमचा खरा तंबोरा ऐकवेल.

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसली तरी तिला अगदी हलका, डोळ्याला जेमतेम कळणारा उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. या टेकण्यातून वरचे स्वर उजळतात, त्यालाच आपण जवारी म्हणतो. दोरा तार आणि घोडी यांच्यामध्ये बसतो आणि तार नेमकी कुठून सुटते, किती टेकते हे ठरवतो. केसभर फरकानं आवाज बंदचा खुला होतो.

कसं करायचं:

वीतभर सुती दोरा कापा. तार बोटानं अलगद उचलून तो तिच्याखालून घोडीवर आडवा सरकवा. दोन्ही टोकं मोकळी बाहेर राहू द्या, गाठ मारू नका. दोरा आधी घोडीच्या एका कडेला आणा. आता एका हातानं तार एकसारखी, हळुवार छेडत राहा आणि दुसऱ्या हातानं दोऱ्याची दोन्ही टोकं धरून तो घोडीच्या दुसऱ्या कडेकडे अगदी थोडा थोडा ओढा.

सुरुवातीला आवाज मंद असेल. मग एका ठिकाणी तो फुटू लागतो, पसरतो, लांबतो. आणखी सरकवलं की पातळ आणि चिरका होतो, किंवा पुन्हा मिटतो. सगळ्यात भरीव आणि सगळ्यात लांब टिकणारा आवाज जिथे मिळतो तिथे थांबा. पहिल्या झणत्कारालाच भुलून थांबू नका, तो बहुतेकदा योग्य जागेच्या थोडा आधी येतो. एकदा पूर्ण पलीकडे जाऊन या, मग परत येऊन जागा निवडा.

दोरा बसला की सूर किंचित हलतो. म्हणून पुन्हा मण्यानं सूर लावा, पुन्हा दोरा पाहा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जुळतात.

दोऱ्याच्या जाडीचाही फार फरक पडतो. जाड दोरा तार घोडीवरून उचलूनच धरतो, मग दोरा कुठेही न्या, आवाज मिटलेलाच राहतो. असं झालं तर त्याच दोऱ्याचा पीळ उलगडा आणि एकच पदर वापरा. जोडीच्या बारीक तारांना बारीक पदर आणि खर्जाला थोडा जाड, असं माझ्या अनुभवात चांगलं जमतं. रेशमी दोरा घसरतो, पण त्याचा आवाज मला जास्त स्वच्छ वाटतो. दोन्ही करून पाहा आणि तुमच्या कानाला विचारा.

चारही तारा एकाच रंगाच्या व्हायला हव्यात. जोडीच्या दोन तारांपैकी एक खुली आणि दुसरी बंद राहिली तर तंबोरा लंगडल्यासारखा वाजतो. अशा वेळी कमी बोलणारी तार वर आणण्याआधी जास्त बोलणारी थोडी मिटवून पाहा. समतोल लवकर सापडतो.

सगळं जुळल्यावर खर्जाची तार एकटी छेडा आणि नाद विरेपर्यंत ऐका. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येवर एक स्वर तरंगताना ऐकू येईल. तोच स्वयंभू गांधार. हार्मोनियमवरच्या गांधाराशी ताडून पाहिलात तर हा थोडा उतरलेला वाटेल. तो तसाच असतो, कारण तो नैसर्गिक गुणोत्तरातून येतो आणि हार्मोनियमचा गांधार त्याहून जवळपास १४ सेंट चढा असतो. एका पट्टीचे १०० सेंट धरले तर हा फरक कानाला सहज कळण्याएवढा आहे. हार्मोनियमशी जुळवण्यासाठी तंबोरा बिघडवू नका.

आणि छेडण्याकडेही लक्ष द्या. तारा घोडीजवळ छेडल्या किंवा नखानं ओढल्या की चांगला तंबोराही कर्कश वाटतो. दांडीवर, तारेच्या साधारण मध्याजवळ, बोटाच्या मऊ भागानं, तार जणू सोडून द्यायची आहे अशा हातानं छेडा. पहिली तार मधल्या बोटानं, उरलेल्या तीन तर्जनीनं.

९. एवढ्यानंही जमलं नाही तर: जवारी काढून घेणं

पुढच्यापैकी काही दिसत असेल तर घोडीची जवारी नव्यानं काढावी लागेल:

- दोरा पूर्ण घोडीभर फिरवूनही एखादी तार कुठेच उघडत नाही
- चारही तारा दोऱ्याशिवायच कर्कश वाजतात आणि दोऱ्यानं शांत होत नाहीत
- घोडीवर तारेखाली खाच पडलेली दिसते किंवा नखाला लागते
- नव्या तारा, योग्य सूर, टेकलेली घोडी असं सगळं असूनही आस फार आखूड आहे

इथे मात्र थांबा. घरी घोडी घासू नका, "फक्त थोडंसं" म्हणूनही नाही. कारागीर कानसेचे दोन हात मारतो, तार लावतो, ऐकतो, पुन्हा काढतो. कुठे किती घासायचं हे त्याचा कान सांगतो. घोडीवरून गेलेला थर परत आणता येत नाही, आणि उतार बिघडला की घोडीच बदलावी लागते.

आपल्याकडे हे काम जाणणारी घराणी मिरजेत पिढ्यान् पिढ्या आहेत. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरजेला जाणं शक्य नसेल तरी तुमच्या गुरूंच्या तंबोऱ्याची जवारी कोण काढतं ते विचारा. तो आवाज तुम्ही रोज ऐकत आहात, त्याहून चांगली शिफारस दुसरी नाही.

कारागिराकडे जाताना तारा नव्या असू द्या, कारण जवारी त्या तारांवरच काढली जाणार आहे. नंतर वेगळ्या जाडीच्या तारा लावल्या तर मेहनत वाया जाते. त्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा: तुमची पट्टी, पहिली तार बहुतेक वेळा पंचमावर असते की आणखी कशावर, आवाज खुला हवा की गोल आणि मिटलेला, आणि कुठली तार तुम्हाला खटकते. "चांगला लावून द्या" एवढ्यावर सोडलंत तर तो त्याच्या पसंतीचा आवाज देईल.

नेताना सगळ्या तारा दोन-तीन स्वरांनी उतरवा, पूर्ण सैल करू नका. भोपळ्याला चहूबाजूंनी मऊ आधार द्या. तो आतून पोकळ असतो आणि एका धक्क्यात तडकतो. तंबोरा उभा न ठेवता आडवा न्या आणि उन्हात तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नका.

जवारी झाल्यावर घाईनं घरी निघू नका. तिथेच बसून तुमच्या पट्टीत लावून घ्या आणि डोळे मिटून प्रत्येक तार वेगळी ऐका. मग तंबोऱ्यावर षड्ज लावून गा. गाताना काही खटकलं तर तिथेच सांगा, चांगले कारागीर याला हरकत घेत नाहीत. दोरे त्यांनी कुठे ठेवले त्याचा जवळून फोटो काढून घ्या. तंबोरा घरी आणल्यावर एक दिवस तुमच्या खोलीच्या हवेत तसाच राहू द्या, मग सूर लावा आणि दोऱ्याची जागा त्या फोटोवरून पडताळून पाहा.